ड्रायरच्या पॉइंटची चौथी तार

मुलाने अमेरिकेत घर घेतलं ते १९८८ सालचं. नवा ड्रायर आला, आणणाऱ्या दोघांनी तो जागेवर सरकवला, मागे वाकून भिंतीकडे पाहिलं आणि "आउटलेट तीन भोकांचं आहे, आमची कॉर्ड चार पिनांची" असं सांगून सही घेऊन निघून गेले. पुढे आठवडाभर ओले कपडे जिन्याच्या कठड्यावर. मी तेव्हा तिकडेच होतो. आयटीआयला वायरमन ट्रेड केला, त्यावर चौतीस वर्षं पोट भरलं, त्यामुळे हात शिवशिवत होते. पण माझा परवाना तिथे कागदाचा कपटा. तिथल्या बऱ्याच गावांत घरमालकाला स्वतःच्या राहत्या घरात स्वतः वायरिंग करू देतात. आधी परमिट काढायचं आणि काम झालं की इन्स्पेक्टरला दाखवायचं. काही ठिकाणी मात्र लायसन्सवालाच लागतो. तेव्हा पक्कड हातात घेण्याआधी गावाच्या बिल्डिंग ऑफिसला फोन करावा. आमच्याकडे हो म्हणाले. मग ठरलं, परमिट मुलाचं, हात मुलाचे, तोंड माझं.

आपल्याकडून तिकडे गेलेल्या माणसाने सगळ्यात आधी डोक्यातलं न्यूट्रल बाजूला काढून ठेवावं. आपल्या घरात एक फेज, एक न्यूट्रल, दोन्हींत २३० व्होल्ट. तिथे बाहेरच्या ट्रान्सफॉर्मरमधून घरात दोन फेज येतात आणि त्याच गुंडाळीच्या बरोबर मधून काढलेलं एक न्यूट्रल. कुठलीही एक फेज आणि न्यूट्रल धरलं तर १२० व्होल्ट, दोन्ही फेज धरल्या तर २४०. फेजला ते 'हॉट' म्हणतात. ड्रायरची तापवणारी कॉइल साधारण पाच-साडेपाच किलोवॅटची, ती दोन हॉटमध्ये २४० वर चालते आणि न्यूट्रलला शिवतसुद्धा नाही. न्यूट्रल लागतं ते ड्रम फिरवणाऱ्या मोटरला, दिव्याला आणि टायमरला, कारण ते १२० वर चालतात. म्हणून तारा चार: दोन हॉट, एक न्यूट्रल, एक अर्थिंग. ड्रायर गॅसवर तापणारा असेल तर यातलं काहीच लागत नाही, त्याला साधा १२० चा पॉइंट पुरतो. मागची पाटी वाचल्याशिवाय भिंत फोडू नका.

दुसरी गोष्ट रंगांची. लाल फेज, काळी न्यूट्रल, हिरवी अर्थ, हे माझ्या बोटांना पाठ आहे, डोकं झोपलेलं असलं तरी बोटं बरोबर लावतात. तिथे काळी आणि लाल दोन्ही हॉट, पांढरी न्यूट्रल आणि अर्थची तार उघडी तांब्याची. काम सुरू होऊन दहा मिनिटं झाली नसतील, मी बोलून गेलो, "ती काळी न्यूट्रलच्या स्क्रूला घे." मुलगा थांबला. "बाबा, काळी हॉट आहे." पॅनल, म्हणजे घराचा सगळे ब्रेकर असलेला मेन बोर्ड, बंद होतं म्हणून काही बिघडलं नसतं, पण माझ्या पाठीतून एक थंड शिरशिरी गेली. त्यानंतर मी रंगाचं नाव घेणं सोडून दिलं. "मोटरची परतीची तार", "कॉइलची एक", "कॉइलची दुसरी", "पत्र्याची", असंच बोलत राहिलो. तुम्ही आपल्याकडे शिकलेले असाल तर हेच करा, उपयोग होतो.

आता तीन भोकांचं काय. १९९६ पर्यंत तिथल्या इलेक्ट्रिकल कोडमध्ये, म्हणजे वायरिंगच्या नियमावलीत, ड्रायरला तीन तारा चालायच्या: दोन हॉट आणि एक न्यूट्रल. अर्थ वेगळी नाही. ड्रायरचा पत्रा एका छोट्या पट्टीने न्यूट्रललाच जोडलेला असायचा. सगळं धड आहे तोवर चालतं. पण न्यूट्रल कुठे ढिली होऊन तुटली की मोटरमधून आलेली वीज त्या पट्टीवरून पत्र्यावर येऊन बसते. ड्रायरच्या दाराला हात लावला आणि दुसरा हात शेजारच्या वॉशिंग मशीनला, की १२० व्होल्ट छातीतून. म्हणून १९९६ पासून नव्या जोडणीला चौथी तार सक्तीची झाली. जुने पॉइंट काही अटींवर तसेच ठेवता येतात, तेव्हा तीन पिनांची कॉर्ड लावून ती पट्टी जागेवर ठेवणं कायद्यात बसू शकतं. मुलाला तेच हवं होतं, वीस मिनिटांचं काम. पण जुनं आउटलेट उघडल्यावर आत निघाल्या दोन इन्सुलेशनच्या तारा आणि एक उघडी, आणि ती उघडी तारच न्यूट्रल म्हणून वापरलेली. वीज वाहणारी तार भिंतीत नागडी फिरतेय! वाद तिथेच संपला.

शेजारच्या एका सद्गृहस्थांनी तिसरा मार्ग सुचवला: चार भोकांचं नवं आउटलेट आणा आणि आतल्या आत अर्थच्या स्क्रूवरून न्यूट्रलच्या स्क्रूवर तुकडा टाका. हे कधीही करू नका. बाहेरून चार भोकं, आतून तीन तारा. उद्या घर विकलं तर पुढचा माणूस चार भोकं पाहून निर्धास्त राहील. जुन्या पॉइंटला निदान पाहिल्यावर कळतं की तो जुना आहे.

तेव्हा पॅनलपासून नवी केबल. सामान असं घेतलं. केबल दहा गेजची, तीन इन्सुलेटेड तारा अधिक उघडी अर्थ. दुकानात 'टेन-थ्री विथ ग्राउंड' म्हणून मागायची, तिचं वरचं आवरण नारिंगी असतं. गेजचा आकडा वाढला की तार बारीक होते, एवढं लक्षात ठेवा. आपण हल्ली एमएममध्ये बोलतो, तिथे उलटं. दहा गेज म्हणजे साधारण सव्वापाच चौरस एमएम. बारा गेजची पिवळ्या आवरणाची स्वस्त पडते म्हणून घेऊ नका, तिच्यावर तीस अँपिअरचा ब्रेकर टाकला तर ब्रेकर पडायच्या आधी तार तापेल. ब्रेकर तीस अँपिअरचा, दोन पोलचा म्हणजे दोन्ही हॉट एकदम तोडणारा, एकाच दांडीचा, आणि तुमच्या पॅनलच्या कंपनीने ज्याला मान्यता दिली आहे तोच. खाचेत बसतो म्हणून कुठलाही घालायचा नाही. आउटलेट 'नेमा फोर्टीन-थर्टी'. त्याच्या तोंडावर दोन उभ्या फटी, एक इंग्रजी एल अक्षरासारखी आणि एक गोलसर भोक. एल म्हणजे न्यूट्रल, गोल म्हणजे अर्थ. विजेच्या चुलीचं पन्नास अँपिअरचं आउटलेट जवळजवळ असंच दिसतं, पण त्याची न्यूट्रलची फट सरळ असते. आमच्या हातात दुकानात तेच आलं होतं.

ब्रेकरबाबत आणखी एक. कोडची २०२० सालची किंवा त्यानंतरची आवृत्ती जिथे लागू आहे तिथे कपडे धुण्याच्या जागेतल्या २४० च्या पॉइंटलाही जीएफसीआय लागतो. वीज भलत्या वाटेने गळायला लागली की पडणारा, आपल्या आरसीसीबीचाच भाऊ, फक्त जास्त तिखट. आपला घरातला साधारण तीस मिलिअँपिअरला पडतो, हा पाचच्या आसपास. आमच्या गावात लागू होतं, त्यामुळे जीएफसीआयचा ब्रेकर घेतला. महाग आहे. पण त्याने पुढे एक उपकार केला, तो सांगतो.

आता पॅनल. मेन ब्रेकर पाडला की सगळं मेलं असं समजणारे वायरमन मी आपल्याकडेही पाहिलेत. बाहेरून येणाऱ्या जाड तारा मेनच्या ज्या टोकांना येऊन बसतात, ती टोकं मेन पाडल्यावरही जिवंतच असतात. ती बंद करणं वीज कंपनीच्या हातात, तुमच्या नाही. झाकण काढल्यावर पहिलं काम म्हणजे ती टोकं कुठे आहेत ते बोट न लावता मुलाला दाखवलं आणि सांगितलं, हा कोपरा या घरात नाहीच असं समज. तिथे तुमचा पेचकस जाणार असेल, मेन ब्रेकर सापडतच नसेल, आत गंज किंवा जळका वास असेल, जुन्या तारा चंदेरी अॅल्युमिनियमच्या दिसत असतील, किंवा दोन लागोपाठच्या रिकाम्या खाचा नसतील, तर झाकण परत लावा आणि इलेक्ट्रिशियनला बोलवा. पॅनलवर आधीच गाडीचा चार्जर, चूल, एसी लटकलेलं असेल तर लोडचा हिशेबही त्याच्याकडूनच करून घ्या.

वीज गेली की नाही हे बघायचीही रीत आहे. मीटर आधी चालू पॉइंटवर लावून बघायचा, मग जिथे काम करायचं तिथे, मग पुन्हा चालू पॉइंटवर. मधलं शून्य तेव्हाच खरं, जेव्हा मीटर आधी आणि नंतर जिवंत आहे हे डोळ्यांनी पाहिलंय. मेन पाडलेला असताना घरात चालू पॉइंट कुठून आणणार? आम्ही यूपीएसवर बघितलं. ज्याचं बटण दाबल्यावर नुसता दिवा लागतो तो पेनासारखा टेस्टर खिशात असू दे, पण जीव त्याच्या भरवशावर टाकू नका.

केबल ओढायला अख्खा दिवस गेला आणि त्यात सांगण्यासारखं थोडंच आहे. तळघराच्या उघड्या छतात तुळयांना आडवं जायचं असेल तर या जाडीची केबल तुळईतल्या भोकांतून न्यायची, तुळयांच्या खालून सरळ खिळवायची नाही. भोकं तुळईच्या कडांपासून दोन इंच सोडून पाडा. भिंतीच्या लाकडात भोकापासून कडेपर्यंत सव्वा इंच लाकूड उरत नसेल तर वर लोखंडी पट्टी ठोका, नाहीतर उद्या कोणी तसबीर लावताना खिळा केबलमध्ये घालील. साडेचार फुटांच्या आत एकेक स्टेपल, आणि क्लॅम्पवाल्या बॉक्सपासून एका फुटाच्या आत पहिला. स्टेपल केबलला धरून ठेवण्यासाठी असतो, चिरडण्यासाठी नाही. मुलाने पहिले तीन असे ठोकले की आवरणावर दात उमटले. तिन्ही काढायला लावले. भिंत बंद करायच्या आधी इन्स्पेक्टर येऊन बघून जातो, तोवर प्लास्टर नाही.

बॉक्स खोल घ्या. दहा गेजची तार भरीव, एकेरी असते. आपल्या मल्टिस्ट्रँडसारखी नरम नाही, कोंबली की आउटलेट बाहेर ढकलते. बॉक्समध्ये निदान सहा इंच तार मोकळी ठेवा. आवरण बॉक्सच्या आत पाव इंच तरी आलेलं दिसलं पाहिजे. तार किती सोलायची ती खूण बहुतेक आउटलेटच्या मागेच असते, तेवढीच सोला. चाकूने तांब्यावर खाच पडली तर तेवढं टोक छाटून पुन्हा सोला. खाचेपाशी तार वाकवली की तिथेच मोडते. मग काळी आणि लाल पितळी स्क्रूंना, कुठलीही कुठे चालते. पांढरी चंदेरी स्क्रूला, उघडी हिरव्याला. बॉक्स लोखंडी असेल तर बॉक्सलाही अर्थचा एक फाटा द्या.

आणि स्क्रू. माझ्या उमेदवारीच्या दिवसांत एका घरी गीझरचा पॉइंट मी बसवून दिला होता. दोन महिन्यांनी बाई बोलवायला आल्या, "भाऊ, मोरीत रबर जळल्याचा वास येतो." जाऊन पाहिलं तर सॉकेटच्या एका भोकाभोवती चहाच्या रंगाचा डाग, प्लगची पिन निळी पडलेली. तार बरोबर, सॉकेट बरोबर, स्क्रू अर्धा फेरा ढिला. तो माझाच. दोन किलोवॅटच्या गीझरने एवढं केलं, ड्रायर त्याच्या अडीचपट ओढतो. तेव्हा हाताच्या अंदाजावर जाऊ नका. ब्रेकरवर आणि आउटलेटवर किती जोराने आवळायचं तो आकडा छापलेला असतो, त्यासाठी टॉर्कचा पेचकस मिळतो, तो आणा. मी चौतीस वर्षं मनगटाने आवळलं. मुलाच्या त्या पेचकसाने तपासलं तेव्हा मी आवळलेला नमुन्याचा स्क्रू आणखी पाव फेरा फिरला. मी काही बोललो नाही. आवळून झाल्यावर एकेक तार धरून जरा ओढून बघा.

पॅनलच्या टोकाला केबल क्लॅम्पमधून आत घ्यायची, नुसत्या पत्र्याच्या भोकातून नाही. दोन हॉट ब्रेकरच्या दोन स्क्रूंना. साधा ब्रेकर असेल तर पांढरी सरळ न्यूट्रलच्या पट्टीवर, एका स्क्रूखाली एकच. जीएफसीआय असेल तर ड्रायरकडून आलेली पांढरी ब्रेकरवरच लावायची, आणि ब्रेकरला जी वेटोळ्याची पांढरी शेपटी असते ती न्यूट्रलच्या पट्टीवर. उघडी तार अर्थच्या पट्टीवर. मेन पॅनलमध्ये या दोन पट्ट्या एकमेकींना जोडलेल्या असतात, आणि खरी मेख तिथेच आहे.

समजा मुलाने आउटलेटमागे पांढरी आणि उघडी अदलाबदल केली असती. वीज चालू करून मीटर लावला तर काय दिसेल? हॉट ते हॉट २४०, दोन्ही हॉट ते एल फटीपर्यंत १२०, दोन्ही हॉट ते गोल भोकापर्यंत १२०, एल आणि गोल यांत जवळजवळ शून्य. म्हणजे सगळं बरोबर असताना जे दिसतं तेच! दोन्ही तारा शेवटी पॅनलमध्ये एकाच ठिकाणी भेटतात, मीटरला फरक कळणार कसा? ड्रायर चालेल, कपडे वाळतील, आणि मोटरची परतीची वीज उघड्या तारेतून फिरत राहील. म्हणून आउटलेट बॉक्समध्ये ढकलण्याआधी डोळ्यांनी बघायचं, आणि ज्याने लावलं त्याने नाही, दुसऱ्याने. जीएफसीआयचा उपकार तो हाच: मोटर फिरायला लागली की परतीची वीज भलत्या वाटेने जातेय हे त्याला कळतं आणि तो पडतो.

मीटरवर चूक जिथे दिसते तीही सांगून ठेवतो. दोन्ही हॉट न्यूट्रलशी १२० दाखवतात, पण आपसात शून्य? मग दोन्ही तारा एकाच फेजवर बसल्यात. एका खाचेत मावणारा जोड-ब्रेकर लावला की असं होतं. ड्रम छान फिरतो आणि तासाभराने कपडे जसे टाकले तसेच ओले निघतात. फिरतोय पण तापत नाही, अशी तक्रार असेल तर आधी हेच बघा.

भिंतीचं झालं, आता ड्रायरची पाठ. तिथे कॉर्ड वेगळी घ्यावी लागते आणि आपणच जोडावी लागते. मागचं छोटं झाकण काढलं की एका ओळीत तीन टोकं दिसतात. मधलं न्यूट्रल, कडेची दोन हॉट. कॉर्डची पांढरी मध्ये, काळी आणि लाल कडांना, हिरवी ड्रायरच्या पत्र्यावरच्या हिरव्या स्क्रूला. आणि मघाशी सांगितलेली ती पट्टी, मधल्या टोकापासून पत्र्यापर्यंत गेलेली, ती काढायची. काही ड्रायरना पट्टीऐवजी तार असते, तिचं काय करायचं ते पुस्तिकेत चित्रासह दिलेलं असतं. चार तारांच्या कॉर्डबरोबर पट्टी तशीच राहिली तर न्यूट्रल आणि पत्रा पुन्हा एक झाले, भिंतीत ओढलेल्या चौथ्या तारेला अर्थ उरला नाही. आमच्याकडे नेमकं हेच राहिलं. मुलाने पट्टीचा एकच स्क्रू काढला, न्यूट्रलला अडकलेली ती मोकळ्या टोकाने पत्र्याला टेकलेलीच होती. बटण दाबलं, ड्रम अर्धा फेरा फिरला आणि तळघरातून टक्क आवाज आला. जीएफसीआय पडला. साधा ब्रेकर असता तर आम्ही पेढे वाटले असते.

कॉर्ड जिथून आत जाते तिथे पकड बसवायला विसरू नका, नाहीतर ड्रायर मागेपुढे करताना पत्र्याची धार कॉर्ड कापते. आणि तिथल्या या आउटलेटला आपल्यासारखं बटण नसतं, तोंड कायम जिवंत. प्लग घालताना आणि काढताना ब्रेकर पाडलेला हवा.

जुनी केबल दोन्ही टोकांनी सोडवून काढून टाकली, जी निघाली नाही तिच्या तोंडांना टोप्या घालून बॉक्समध्ये ठेवली. पॅनलच्या दारावरच्या कागदावर ड्रायर कुठल्या खाचेत ते लिहिलं. इन्स्पेक्टर आला, बॉक्सचं झाकण काढायला लावलं, पांढरी आणि उघडी कुठे जातायत ते टॉर्च लावून पाहिलं, ब्रेकरचं चाचणीचं बटण दाबलं, सही केली. पाच मिनिटं.

पहिल्यांदा कपडे टाकाल तेव्हा अर्ध्या तासाने मागे जाऊन प्लगच्या पाठीवर हाताची मागची बाजू ठेवा. कोमट लागला तर ठीक. हात मागे घ्यावासा वाटला तर ब्रेकर पाडा आणि स्क्रू पुन्हा तपासा. आम्ही पहिल्या दिवशी ठेवला, आठवड्याने ठेवला. आता मी इकडे आलोय, तरी अधूनमधून फोनवर विचारतो, आणि तो "कोमट, बाबा" म्हणतो, पण ड्रायरपर्यंत उठून जातो की नाही कोण जाणे.